श्वास कुठं घेतो हा माणूस?

सॅक्सोफोन हे वाद्य आपल्यापैकी कुणाला अपरिचित आहे असे मला वाटत नाही. नाव कदाचित ठाऊक नसेल. परंतु लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत बँडच्या पहिल्या रांगेत तो वाकड्या मानेचा पितळी भोंगा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. माझ्या बाबतीत तर हे वाद्य घरातलेच. माझे आजोबा, आईचे वडील, ज्यांना आम्ही सारी नातवंडे ‘आबा’ म्हणतो, त्यांनी उमेदीची तीस वर्षे एका बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवला. सुपारी आली की ट्रंकेतून लाल कोट निघायचा आणि आबा चार-चार दिवस घरी नसायचे. त्यामुळे सॅक्सोफोन म्हणजे घाम, गॅसबत्तीचा उजेड आणि नवरदेवाच्या मित्रांची फर्माईश, एवढेच समीकरण माझ्या डोक्यात होते.

हे समीकरण मोडले ते इव्हान पार्कर या इंग्रज वादकामुळे. आणि मोडले तेही सुखासुखी नव्हे. यंदा आमच्या संगीत मंडळाच्या श्रवणसत्रात मी पार्कर यांचे एक ध्वनिमुद्रण मोठ्या उत्साहाने लावले. सुरुवातीला वर्ग भरलेला होता. पाच मिनिटांनी मागच्या बाकांवर हसू फुटले, दहा मिनिटांनी खुर्च्या सरकू लागल्या, आणि शेवटी आम्ही सातजण उरलो. त्यातले दोघे दाराची किल्ली परत करायची म्हणून थांबले होते! एका प्राध्यापकांनी जाता जाता पाठीवर हात ठेवून विचारले, “अरे, हे वाद्य बिघडलंय की वाजवणारा?” सगळे हसले, मीही हसलो. पण उत्तर देता आले नाही. आवडले होते एवढे खरे, का आवडले ते सांगता येत नव्हते. त्या दिवशी न दिलेले उत्तर द्यावे, म्हणून हा लेखप्रपंच.

मुळात या वाटेला मी लागलो माझ्या मावसबहिणीमुळे. ती लंडनला नोकरीला आहे. गाण्याची हौस आमच्या घरात तिलाच अधिक. तिथे डाल्स्टन नावाच्या भागात २००८ साली सुरू झालेले ‘कॅफे ओटो’ नावाचे एक ठिकाण आहे. दिवसा चहा-कॉफी, रात्री मैफल. तिथल्या येत्या कार्यक्रमांची यादी ताई मला अधूनमधून पाठवते. ती यादी वाचताना मला पहिल्यांदा मोठी गंमत वाटली. तारीख असते, वेळ असते, वादकांची नावे असतात, नावापुढे वाद्याचे नाव असते. आणि बस्स! काय वाजवणार याचा मागमूस नाही. रचनेचे नाव नाही, रचनाकाराचे नाव नाही. “ताई, हे लोक वाजवणार तरी काय?” असे मी विचारले तेव्हा तिने कळवले, “ते त्यांनाही ठाऊक नसतं. म्हणूनच जायचं.”

थोडा विचार केला तर यात आपल्याला एवढे दचकण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या बैठकीच्या पत्रिकेत तरी काय असते? गायकाचे नाव, साथीदारांची नावे, स्थळ आणि वेळ. राग कोणता, बंदिश कोणती, किती वेळ, हे गायक तंबोरे जुळवताना ठरवतो. पाश्चात्त्य संगीत म्हणजे समोर छापील कागद ठेवून वाजवायचे, ही आपली समजूत बरीचशी खरी असली तरी पुरती खरी नाही. लंडनमधल्या या मंडळींनी तर तो कागद बाजूला ठेवलाच, पण त्याच्याबरोबर सूर आणि ताल यांची आधी ठरवलेली चौकटही बाजूला ठेवली. या प्रकाराला ते ‘मुक्त उत्स्फूर्त वादन’ म्हणतात.

आता या पार्कर यांची थोडी ओळख. जन्म ५ एप्रिल १९४४, गाव ब्रिस्टल. बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात त्यांनी वनस्पतिशास्त्र घेतले होते, पण पदवी पुरी न करताच ते संगीताकडे वळले. (पालकांनी हे वाक्य वगळून पुढे वाचावे.) वडील विमान कंपनीत नोकरीला असल्यामुळे तरुणपणी त्यांना न्यूयॉर्कला जाऊन तिथले नवे जॅझ प्रत्यक्ष ऐकता आले. त्या पिढीचे दैवत जॉन कोल्ट्रेन. कोल्ट्रेन यांच्याशी आपलाही एक धागा जुळतो. भारतीय संगीताचे त्यांना एवढे वेड होते, की १९६१ साली वाजवलेल्या एका रचनेला त्यांनी ‘इंडिया’ हेच नाव दिले आणि १९६५ साली जन्मलेल्या मुलाचे नाव पंडित रविशंकरांवरून ‘रवी’ ठेवले. १९६७ साली ते गेले. मागे राहिलेल्या तरुणांपुढे प्रश्न होता तो असा, की गुरूची नक्कल करीत बसायचे की त्याच्या धाडसाची?

लंडनच्या तरुणांनी दुसरी वाट धरली. जानेवारी १९६६ मध्ये जॉन स्टीव्हन्स या ड्रमवादकाने ‘लिटल थिएटर क्लब’ ही लहानशी जागा मिळवली. नाटकाचा खेळ संपला की रात्री उशिरा तिथे हे लोक वाजवीत. श्रोते मोजके, कधी कधी वादकांपेक्षाही कमी. स्टीव्हन्स यांच्या ‘स्पाँटेनियस म्युझिक एन्सेंबल’ या संचात पार्कर आले आणि गिटारवादक डेरेक बेली यांची गाठ पडली. १९६८ साली या संचाची ‘कार्योबिन’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. त्यात पाचजण वाजवतात, पण पुढारी कोण आणि साथीदार कोण हे कानाला सांगता येत नाही. कुणी एकाने सूर काढला की दुसरा त्याला हलकेच स्पर्श करतो आणि बाजूला होतो. त्याच वर्षी जर्मनीत पेटर ब्रोट्झमान यांच्या ‘मशीन गन’ या अत्यंत कर्कश, संतप्त ध्वनिमुद्रणातही पार्कर होते. एकाच वर्षात एकीकडे कुजबुज आणि दुसरीकडे आरोळी!

स्टीव्हन्स यांची शिकवण्याची रीत मला फार आवडली. १९८५ साली त्यांचे ‘सर्च अँड रिफ्लेक्ट’ हे अभ्यासांचे पुस्तक निघाले. त्यातला एक अभ्यास असा: सर्वांनी एकत्र बसायचे आणि प्रत्येकाने एका श्वासात सहज टिकेल एवढा एकच लांब सूर धरायचा. श्वास संपला की थांबायचे, पुन्हा घ्यायचा, पुन्हा धरायचा. दुसरा अभ्यास याच्या उलट: आपल्या वाद्यातून निघू शकेल तेवढा छोटा आवाज काढायचा, नुसता टिंब. हे करायला वादक असावे लागत नाही. श्रवणसत्रानंतर उरलेल्या आम्ही सातजणांनी पहिला अभ्यास नुसत्या गळ्याने करून पाहिला. पहिली दोन मिनिटे खो-खो हसलो. मग कुणीतरी हसायचे थांबले आणि शेजाऱ्याचा सूर ऐकू येऊ लागला. शेजाऱ्याचा सूर ऐकू येत नसेल तर आपण फार मोठ्याने गात आहोत, एवढे मात्र त्या दिवशी पक्के कळले. सभेत, वर्गात आणि घरातही हे तत्त्व लागू पडावे असे माझे नम्र मत आहे.

असो. आता मूळ मुद्द्याकडे येतो: वाद्य बिघडले होते काय?

सॅक्सोफोन पितळेचा असला तरी त्याची गणना तुतारीच्या जातीत होत नाही. ती होते क्लॅरिनेट-सनईच्या जातीत. कारण त्याच्या तोंडाशी वेताच्या जातीच्या बोरूची एक पातळ पट्टी असते, तिला ‘रीड’ म्हणतात. ती थरथरते आणि नळीतली हवा बोलू लागते. बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ सॅक्स याने हे वाद्य घडवले आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. याची नळी तोंडाशी अरुंद आणि पुढे रुंद होत जाणारी, म्हणजे शंकूसारखी आहे. पार्कर दोन प्रकारचे सॅक्सोफोन वाजवतात: वाकड्या मानेचा टेनर आणि सरळ नळीचा सोप्रानो. सोप्रानो लांबून पाहिला तर एखादी पितळी सनईच वाटावी.

कोणताही सूर एकटा नसतो, हे तंबोऱ्यापाशी बसणाऱ्याला सांगायला नको. जवारी नीट लागलेली असेल तर खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गांधार आपोआप उमटतो. आपण त्याला स्वयंभू गांधार म्हणतो. नळीतल्या हवेचेही तसेच आहे. मूळ सुराच्या पोटात अनेक वरचे सूर दडलेले असतात. नेहमीच्या वादनात ओठ, श्वास आणि बोटे अशी ठेवतात, की मूळ सूर ठळक व्हावा आणि बाकीच्यांनी त्याला रंग तेवढा द्यावा. पण ही बोटे मुद्दाम ‘चुकीची’ ठेवली तर? वरची छिद्रे उघडी, मधली बंद, खालची पुन्हा उघडी, अशी ठेवण केली तर नळीतल्या हवेला आपण नेमके किती लांबीच्या नळीत आहोत हे जणू उमगत नाही. मग एका नळीतून एकाच वेळी दोन-तीन सूर निघतात. जिभेची उंची आणि ओठांचा दाब किंचित बदलला की त्यातला कधी हा सूर पुढे येतो, कधी तो. पट्टीच्या वादकाला जो आवाज ‘फुटला’ म्हणून टाळायला शिकवतात, तोच आवाज हे लोक वर्षानुवर्षे मेहनत करून हुकमी काढायला शिकतात. कोल्ट्रेन यांनी १९५९ साली एका रचनेत हा प्रयोग केला होता. पार्कर यांनी त्याची संपूर्ण भाषा केली.

दुसरी गोष्ट वेगाची. पार्कर खालचे आणि वरचे सूर इतक्या झपाट्याने आलटून-पालटून वाजवतात, की कान त्यांची आपोआप वाटणी करतो. खालच्यांची एक ओळ, वरच्यांची दुसरी, मधे लुकलुकणारी तिसरी. माणूस एक, नळी एक, आणि ऐकू येतात तिघे. आपल्या शास्त्रकारांनी अलातचक्राचा दृष्टांत दिलेला आहे. पेटते कोलीत गरगर फिरवले की डोळ्यांना अग्नीचे अखंड वर्तुळ दिसते. वस्तुतः ठिणगी एकच असते. हे कानाचे अलातचक्र आहे.

पण ठिणगी फिरत राहायची तर हात थांबून चालत नाही. इथे तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते, ती म्हणजे श्वास. आणि ती मला कोणत्याही पुस्तकाने नव्हे, आबांनी समजावून दिली.

श्रवणसत्र फसल्यावर सुट्टीत मी आजोळी गेलो. आबांचे वय झाले आहे, दम लागतो, वाद्य केव्हाच माळ्यावर गेले आहे. मी त्यांना ‘द स्नेक डिसाइड्स’ हे वादन ऐकवले. जानेवारी १९८६ मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट पॉल्स चर्चमध्ये एकट्या सोप्रानोवर केलेले हे ध्वनिमुद्रण. त्यातला पहिला भाग सुमारे वीस मिनिटांचा आहे आणि त्यात स्वर कुठेही तुटत नाही. दोन मिनिटे झाल्यावर आबा म्हणाले, “रीड फाटलीया त्याची.” मी मनात म्हटले, झाले, इथेही तेच. पण त्यांनी बंद कर म्हटले नाही. डोळे मिटून ऐकत राहिले. पाच-सहा मिनिटांनी एकदम डोळे उघडून म्हणाले, “आरं, श्वास कुठं घेतो ह्यो मानूस?”

वर्गातल्या एवढ्या श्रोत्यांत हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

मग त्यांनी मला परसातून पपईच्या पानाचा पोकळ देठ तोडून आणायला लावला आणि तांब्याभर पाणी मागवले. देठ पाण्यात बुडवून त्यांनी फुंकायला सुरुवात केली. बुडबुडे निघू लागले. मग गाल फुगले, नाकपुड्या हलल्या. पण बुडबुडे थांबले नाहीत! गालात साठवलेली हवा गालांनीच बाहेर ढकलायची आणि तेवढ्या क्षणात नाकाने नवी हवा छातीत घ्यायची, अशी ती युक्ती. आबांना ती त्यांच्या लहानपणी देवळात सनई वाजवणाऱ्या एका वृद्धाने शिकवली होती. “बँडात तिचं काम न्हाई. तिथं गान्याच्या वळीत श्वास घ्यायची जागा ठरलेली असती,” ते म्हणाले. चार-पाच वेळा करून दाखवले आणि त्यांना खोकला आला. आजीने तांब्या उचलून नेला.

ही युक्ती काही साहेबाची नव्हे. आपल्या डहाणू-जव्हारकडचे वारली वादक भोपळ्याचा तारपा असाच अखंड वाजवतात आणि त्याभोवती नाच फिरत राहतो. पुंगीवालाही हेच करतो. पार्कर यांचे वैशिष्ट्य हे, की फुटलेला सूर, अतिवेग आणि अखंड श्वास या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र आणल्या. त्यांचे एकल वादन प्रथम ध्वनिमुद्रित झाले १९७५ साली. १९७८ सालचे ‘मोनोसेरॉस’ तर फितीवर न घेता थेट तबकडीवर कोरले गेले. म्हणजे चूक झाली तर कापायची सोय नाही. श्वास तुटत नाही म्हणून वाक्य संपत नाही, आणि वाक्य संपत नाही म्हणून ऐकणाऱ्याला टाळी वाजवायला जागाच सापडत नाही. वर्गातली मंडळी अस्वस्थ झाली त्याचे एक कारण हेही असावे.

आता आक्षेपांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा, की नियमच नसेल तर चांगले-वाईट ठरवायचे कशाने? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. रागसंगीतात गायक स्वतंत्र असतो, पण वर्ज्य स्वर लागला की पहिल्या रांगेतला म्हातारा मान हलवायचे थांबवतो. तिथे चूक म्हणजे काय हे सर्वांना ठाऊक असते. इथे ते ठाऊक नसते. मला वाटते, इथली कसोटी राग-तालाची नसून लक्षाची आहे. वादक दुसऱ्याचे ऐकतो आहे का, की आपलेच दामटतो आहे? मघाशी निघालेला आवाज विसरला गेला, की त्याचे पुढे काही झाले? हे कान देऊन ऐकले तर कळते. आणि हेही प्रामाणिकपणे सांगतो, की या पद्धतीचे पुष्कळसे वादन मला कंटाळवाणे वाटले. रोज मुक्त वाजवता वाजवता मुक्तीचीही सवय होते आणि सवयीचे सूर बोटांना आपोआप सापडू लागतात. डेरेक बेली यांनी १९७६ पासून ‘कंपनी’ या नावाने वेगवेगळ्या, एकमेकांच्या सवयीच्या नसलेल्या वादकांना एकत्र आणले. नेहमीचा साथीदार बदलला, की नेहमीचे उत्तर चालत नाही. याच बेलींनी १९८० साली उत्स्फूर्ततेवर एक पुस्तक लिहिले आणि त्याचा आरंभ केला भारतीय संगीतापासून. आपण मात्र त्यांच्या संगीताला ‘बिघडलेले वाद्य’ म्हणून मोकळे होतो!

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा. असले संगीत चालते कसे? फारसे चालत नाही, हे खरे उत्तर. मोठ्या कंपन्या विचारत नाहीत म्हणून १९७० साली पार्कर, बेली आणि टोनी ऑक्सली यांनी ‘इन्कस’ नावाची स्वतःची ध्वनिमुद्रिका-संस्था काढली. गिटारवादक जॉन रसेल यांनी १९९१ साली ‘मोपोमोसो’ नावाची मैफलींची मालिका एका साथीदारासह सुरू केली. त्या विचित्र नावाचा अर्थ आहे ‘आधुनिकता, उत्तर-आधुनिकता, बरं मग?’ रसेल २०२१ साली गेले. व्होर्टेक्स नावाच्या क्लबात पार्कर यांनी अनेक वर्षे दरमहा वादन केले. म्हणजे दर महिन्याला त्याच लहान खोलीत, साधारण त्याच माणसांसमोर, काय वाजवायचे ते ठाऊक नसताना उभे राहायचे. २०२४ साली त्यांनी वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केली. लिटल थिएटर क्लबपासून कॅफे ओटोपर्यंतचा हा रस्ता बाजारात पोचला नाही, पण तुटलाही नाही.

शेवटी एक गोष्ट सांगून लेख पुरा करतो. पपईचा देठ टाकून दिल्यावर त्या संध्याकाळी आबा ओट्यावर बसून बोलत होते. थंडीचे दिवस होते, एका मोठ्या घरची वरात होती. ऐन नवरदेव घोड्यावर बसताना त्यांची रीड चिरली आणि सॅक्सोफोन किंचाळला. लोक हसले. बँडमास्तरने चारचौघांत शिवी घातली आणि त्या रात्रीचे पैसे कापले. पुढे पाच-सहा वर्षे आबा बँडमध्ये राहिले, पण आलाप घ्यायला पुन्हा कधी पुढे झाले नाहीत. मागच्या रांगेत उभे राहून ठरलेले तेवढे वाजवले. मला हे पहिल्यांदाच कळत होते.

“तो आवाज कसा होता, आबा?” मी विचारले.

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “वाईट न्हवता. दोन सूर हुते त्यात. पर इचारतो कोन?”

इव्हान पार्कर थोर की आबांचा बँडमास्तर बरोबर, असा निवाडा मला करायचा नाही. वरातीला वरातीचे संगीत लागते, आणि लग्नघरच्यांनी पैसे मोजले होते ते किंचाळी ऐकायला नव्हे. पण ज्या आवाजाची एका माणसाला जन्मभर लाज वाटली, त्याच आवाजात दोन सूर आहेत असे म्हणून दुसरा माणूस पन्नास वर्षे तो शोधत बसतो, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ते प्राध्यापक पुन्हा विचारतील, तर सांगेन: सर, वाद्य बिघडलेले नाही, वाजवणाराही नाही, आपण फक्त श्वास कुठे घेतला जातो तिकडे लक्ष द्यावे.

पुढच्या श्रवणसत्रात मी हेच वादन पुन्हा लावणार आहे. ताईने येत्या मैफलींची नवी यादी पाठवली आहे. त्यातल्या एका रात्री ती जाणार आहे आणि ऐकलेले लिहून कळवणार आहे. काय वाजणार, ते अर्थातच कुणाला ठाऊक नाही. आबांनी मात्र माळ्यावरची ट्रंक खाली काढून ठेवायला सांगितली आहे. वाजवणार नाही म्हणाले, नुसते पुसून ठेवतो.